एफबीडीत (फ्लुइड बेड ड्रायरमध्ये) बॅच वेळेत सुकत नाही, तळाशी ओल राहते: तापमान वाढवण्याआधी हवा मोजा

तक्रार ओळखीची आहे. कालपर्यंत ५० मिनिटांत सुकणारी बॅच आज दीड तास घेते. वरचा माल कोरडा, भुरभुरीत. बाउलच्या तळाशी मात्र ओल्या गाठी. तीन ठिकाणचे नमुने घेतले तर तीन वेगळे एलओडी (मालात उरलेल्या ओलाव्याची टक्केवारी). ऑपरेटर इनलेटचे, म्हणजे आत येणाऱ्या हवेचे, तापमान ५ अंशांनी वाढवतो, बॅच कशीबशी निघते आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा. मग आणखी ५ अंश. ज्या मशीनचा सेट पॉइंट मूळ पद्धतीपेक्षा १०-१५ अंश वर सरकलेला दिसतो, तिथे बहुतेक वेळा हीटरचा काही दोष नसतो. तिथे हवा कमी पडत असते, किंवा हवा असते पण मालातून जात नसते.

फ्लुइड बेड ड्रायर हे आधी हवेचे यंत्र आहे, उष्णतेचे नंतर. खालून येणारी हवा मालाचा पूर्ण थर स्वतःच्या अंगावर उचलून धरते, तेव्हाच प्रत्येक दाण्याला चारी बाजूंनी हवा लागते. थर उचललाच गेला नाही, तर तो ट्रे ड्रायरपेक्षाही वाईट सुकतो, कारण हवा सोपी वाट शोधून भोकासारखी वर निघून जाते आणि आजूबाजूचा माल तसाच बसून राहतो.

थर उचलला गेला की नाही, हे काचेतून बघून ठरवू नका. वरचा हात-दीड हात उसळताना दिसतो आणि खालचा गठ्ठा जागचा हलत नाही, हा प्रकार सर्रास होतो. त्यासाठी एक साधा हिशेब आहे. थर तरंगत असेल तर त्याच्या खाली आणि वर जो हवेच्या दाबाचा फरक पडतो, तो थराच्या वजनाला क्षेत्रफळाने भागल्याएवढा असतो. सोय अशी, की १ चौरस मीटरवर १ किलो म्हणजेच १ मिलिमीटर पाण्याचा दाब. बाउलचा सरासरी व्यास ०.९ मीटर धरला तर क्षेत्रफळ ०.६४ चौरस मीटर होते. त्यात १२० किलो ओला माल असेल, तर थरावरचा दाबफरक १८८ मिमीच्या आसपास दिसला पाहिजे. बाउल वर रुंद होत जाणारा असतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा इकडे-तिकडे होईल. चांगल्या निघालेल्या दोन-तीन बॅचचा आकडा लिहून ठेवा आणि तोच आपला मापदंड धरा.

दाबफरक १८८ च्या जागी ११०-१२० दाखवतोय, म्हणजे जवळपास ४० टक्के माल हवेवर नाहीच. तो बाउलच्या तळाच्या जाळीवर बसलेला आहे. याला चॅनेलिंग म्हणतात.

या आकड्याचा दुसरा उपयोग फारसे कोणी करत नाही. १२० किलोत २५ किलो पाणी असेल तर सुकत जाताना थर हलका होतो, म्हणून दाबफरकही उतरत जातो आणि शेवटी १५० च्या आसपास येतो. म्हणजे हा गेज वजनकाट्यासारखा चालतो. अर्धा तास झाला आणि काटा जागचा हललेला नाही, तर पाणी निघत नाहीये; एलओडीची वाट बघायची गरजच नाही.

आधी हे चार आकडे मिळण्याची सोय करा

पॅनेलवर बहुतेक मशीनमध्ये फक्त इनलेट आणि आउटलेट तापमान असते. तेवढ्यावर निदान होत नाही. किमान हे हवे: थरावरचा दाबफरक, फिंगर बॅगवरचा (वर उडालेली पावडर अडवणाऱ्या कापडी पिशव्यांवरचा) दाबफरक, ब्लोअर मोटरचा अँपिअर, आणि आउटलेट तापमान दर ५ मिनिटांनी लिहिलेले. दाबासाठी मॅग्नेहेलिक गेज नसेल तर पाणी भरलेली यू-नळी चालते. थराच्या गेजचे एक टोक जाळीखालच्या प्लेनममध्ये (हवा येते त्या पोकळीत), दुसरे थराच्या वर, एक्स्पान्शन चेंबरमध्ये. अशा जोडणीत जाळीचा स्वतःचा दाबफरकही मोजला जातो. म्हणून रिकाम्या बाउलवर, तेवढ्याच हवेला, एकदा वाचन घ्या आणि ते वजा करा. दाबाच्या नळीचे तोंड पावडरने बुजते आणि गेज एका जागी अडकल्यासारखा दिसतो. वाचन संशयास्पद वाटले तर आधी नळी काढून फुंकून घ्या.

आता हे आकडे एकत्र वाचायचे.

थराचा दाबफरक कमी आणि आउटलेट तापमान लवकर चढतेय: चॅनेलिंग. गरम हवा पाण्याला न भेटताच वर जाते, म्हणून ती गरमच बाहेर पडते. इथे पॅनेल फसवते, कारण आउटलेट वाढले की बॅच सुकली असा समज असतो.

थराचा दाबफरक बरोबर, पण आउटलेट बराच वेळ खालीच: थर छान तरंगतोय, पण हवेची पाणी उचलण्याची ताकद कमी आहे. उष्णता, हवेतला दमटपणा किंवा हवेचे एकूण प्रमाण बघा.

बॅगचा दाबफरक चढतोय, अँपिअर उतरतोय आणि थर हळूहळू बसतोय: बॅग कोंडल्या.

इथे अँपिअरबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. वाट कोंडली की ब्लोअरला जास्त जोर लावावा लागतो आणि करंट वाढतो, असे पुष्कळांना वाटते. सेंट्रिफ्यूगल ब्लोअरमध्ये उलट होते. हवा कमी वाहिली की काम कमी, करंटही कमी. अँपिअर नेहमीपेक्षा खाली दिसला तर मोटर आरामात आहे असे समजून खूश होऊ नका; हवा गेलेली आहे.

फिंगर बॅग: दहापैकी बहुतेक वेळा गाडी इथेच अडते

बॅग कोंडण्याची कारणे वेगवेगळी आणि उपायही वेगळे, म्हणून "बॅग धुवा" एवढ्यावर थांबू नका.

पहिले कारण ओलावा. सुरुवातीच्या टप्प्यात थरातून निघणारी हवा जवळजवळ संपृक्त असते. मशीनचे अंग थंड असेल तर ती हवा बॅगेला आणि वरच्या घुमटाला लागून दव धरते, आणि बारीक पावडरीचा त्यावर लेप बसतो. दिवसाची पहिली बॅच नेहमी जास्त वेळ घेत असेल तर संशय इथेच धरा. उपाय: माल भरण्याआधी रिकामे मशीन त्याच इनलेट तापमानाला १०-१५ मिनिटे चालवून अंग गरम करून घ्या. धुतलेली बॅग अर्धवट ओली लावली तरी हेच होते. बॅग शिवणीसह आतून-बाहेरून पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चढवू नका. शिवण सर्वांत उशिरा वाळते, हाताने तीच चाचपा.

दुसरे कारण शेकिंग, म्हणजे बॅग झटकणे. एकाच चेंबरच्या मशीनमध्ये शेकिंगच्या वेळी डॅम्पर (हवेची वाट उघडणारे-बंद करणारे पाते) पूर्ण बंद व्हायला हवा. हवेची ओढ थांबली तरच कापडावरची पावडर खाली पडते. डॅम्परची पाती झिजली किंवा अॅक्च्युएटरची जोडणी सैल झाली, तर पॅनेलवर "बंद" दिसते पण पाते १०-१५ अंश उघडे असते. मग सिलिंडर कितीही खडखडला तरी पावडर कापडाला चिकटून राहते. तपासायचे कसे? शेकिंगच्या क्षणी बॅगचा दाबफरक शून्यावर येतो का बघा. येत नसेल तर डॅम्पर गळतोय. सिलिंडरच्या हवेचा दाब आणि बॅगच्या फ्रेमचा झटका, दोन्ही बघा. फ्रेम नुसती डुलत असेल तर झटका बसत नाही आणि पावडर झडत नाही.

शेकिंगचा मध्यांतर पूर्ण बॅचभर एकच ठेवणे ही सवय बरी नाही. सुरुवातीला माल ओला, भुकटी कमी उडते; तेव्हा दर दोन मिनिटांनी हवा थांबवली तर ओला थर प्रत्येक वेळी खाली बसून घट्ट होतो आणि पुन्हा उचलला जात नाही. शेवटी माल कोरडा, भुकटी जास्त; तेव्हा मात्र वारंवार झटकावे लागते. सुरुवातीला दर ५-६ मिनिटांनी, शेवटच्या टप्प्यात दर २-३ मिनिटांनी, प्रत्येक वेळी १५-२० सेकंद, इथून सुरुवात करून आपल्या मालाप्रमाणे बदला. दोन कप्प्यांचे मशीन असेल तर एक कप्पा झटकला जात असताना दुसऱ्यातून हवा चालू राहते आणि ही अडचण येत नाही.

तिसरे कारण कापडाचे वय. नवी, कोरडी बॅग लावून ठरलेल्या हवेला रिकाम्या मशीनवर दाबफरक घ्या आणि नोंद ठेवा. प्रत्येक धुण्यानंतर हेच वाचन. धुऊन, वाळवूनही हा आकडा नव्याच्या दुपटीवर गेला असेल, तर बारीक कण विणीच्या आत रुतले आहेत. ती बॅग आणखी धुवून काही मिळत नाही. बदला.

आणि बॅग फाटली तर? तेव्हा दाबफरक अचानक घसरतो, थर जोरात उसळतो, माल कमी भरतो. सुकण्याचा वेळ उलट सुधारलेला दिसतो, म्हणून हे बिघाड उशिरा कळतात.

माल उचललाच जात नाही

हवा व्यवस्थित असूनही थर बसत असेल तर दोष आधीच्या खोलीत, म्हणजे मिक्सर-ग्रॅन्युलेटरमध्ये शोधा. डेरेक गेल्डार्ट यांनी १९७३ मध्ये पावडरींचे ए, बी, सी, डी असे चार गट पाडले. त्यातला सी गट म्हणजे साधारण २०-३० मायक्रॉनखालचा चिकट माल, जो हवेने उचलला जात नाही, त्याला भेगा पडतात आणि हवा भेगांतून जाते. ग्रॅन्यूलचे (पावडर बांधून केलेल्या दाण्यांचे) मूळ आकारमान चांगले असले तरी पाणी जास्त पडले, की दाण्यांमधल्या ओलाव्याने तो माल सी गटासारखाच वागतो. बाइंडरचे (पावडर बांधणाऱ्या द्रावणाचे) पाणी दोन-तीन किलोने जास्त गेले तर ड्रायरमध्ये त्याचे मोल फक्त दोन-तीन किलो पाणी एवढेच नसते. थर उचलला जाण्याची क्षमताच जाते.

ओला माल बाउलमध्ये थेट ओतू नका. ६ ते ८ मिमी जाळीच्या मिलमधून काढून भरा. बाउल आकारमानाच्या साधारण ४० ते ७० टक्के भरलेला हवा. त्याहून कमी भरला तर थर पातळ राहतो आणि हवा एका बाजूने फुटते. जास्त भरला तर वर उसळायला जागा नाही आणि माल बॅगेवर जाऊन आदळतो. भरलेला माल सपाट करा. मध्ये डोंगर राहिला तर हवा कडेने निघते आणि मधला भाग ओला राहतो.

सुरुवातीची पाच मिनिटे महत्त्वाची. डॅम्पर एकदम पूर्ण उघडा, थर उचलला गेल्याची खात्री दाबफरकावरून करा, मग गरजेप्रमाणे कमी करा. ओल्या ग्रॅन्यूलला उचलायला बाउलच्या तळाशी सेकंदाला १ ते २ मीटर वेग लागतो. सुकत जाईल तसा माल हलका होतो आणि तोच वेग दाणे घासून भुकटी करतो. म्हणून हवा शेवटपर्यंत सारखी ठेवू नका, टप्प्याटप्प्याने उतरवा.

१० मिनिटांत थर तरंगला नाही तर चालू ठेवून काही होत नाही. मशीन थांबवा, बाउल काढा, गाठी फोडून माल पुन्हा मिलमधून काढा आणि नव्याने सुरू करा. बाउल बाहेर काढलाच आहे तर गाठी नेमक्या कुठे होत्या हे लिहून ठेवा: मध्यभागी, एकाच बाजूला, की सगळीकडे. पुढचे निदान त्यावरच होते.

गाठी नेहमी त्याच जागी?

दर बॅचला त्याच बाजूला ओल राहत असेल तर मालाचा दोष नाही, हवा वाटणाऱ्या तळाचा आहे. छिद्रांच्या प्लेटवर बारीक विणीची स्टीलची जाळी असते. बॅच संपल्यावर ओली धूळ जाळीत अडकते, वाळून घट्ट होते आणि धुताना वरून स्वच्छ दिसते. जाळी उजेडासमोर धरा. काळे डाग दिसतील तिथून हवा जात नाही. धुताना वरून नाही, खालून वर पाण्याचा जोर द्या.

उलट, जाळी कुठे फाटली किंवा कडेच्या रिंगेतून सुटली असेल, तर तिथून हवेचा झोत फुटतो आणि बाकी थराला हवा उरत नाही. प्लेनममध्ये पावडर पडलेली आढळली तर हेच समजा. हवा सगळीकडे सारखी वाटली जावी म्हणून तळाच्या प्लेटचा दाबफरक थराच्या दाबफरकाच्या निदान १० ते ३० टक्के असावा लागतो. आपल्या उदाहरणात १९ ते ५६ मिमी. कोणी "हवा जास्त जाईल" म्हणून जाड छिद्रांची जाळी बसवली, तर हा दाबफरक पडतच नाही आणि थरात जिथे माल पातळ तिथून हवा पळते. जाळी बदलताना मूळ मेशचीच घ्या.

गळती, आणि न दिसणारी थंड हवा

ब्लोअर शेवटी असतो, म्हणून आतली सगळी बाजू ओढीखाली असते. गॅस्केट गळले तर हवा बाहेर येत नाही, खोलीतली हवा आत शिरते. म्हणून ना शिट्टी, ना धूळ, काही कळत नाही. बाउलच्या खालचे गॅस्केट गळत असेल तर खोलीतली थंड हवा इनलेटच्या गरम हवेत मिसळते. सेन्सर हवा तापवणाऱ्या कॉइलजवळ असेल तर पॅनेलवर ६० आणि जाळीखाली प्रत्यक्षात ५०. वरचे गॅस्केट गळत असेल तर आणखी वाईट: ब्लोअर हवा ओढतोय, अँपिअर बरोबर आहे, पण ती हवा थराला वळसा घालून थेट बॅगेत जातेय.

तपासणी: फुगणाऱ्या गॅस्केटची हवा बंद करून १० मिनिटे दाब टिकतो का पाहा. मग ब्लोअर चालू असताना टिश्यू कागदाची पट्टी जोडांभोवती फिरवा. आत ओढली गेली तर गळती सापडली. बाउलची ट्रॉली वाकडी झाली असेल, चाके झिजली असतील तर बाउल एका बाजूला खाली बसतो आणि नवे गॅस्केटही त्या बाजूला पोचत नाही.

ब्लोअर

पट्टा सैल, पंख्यावर पावडरीचा थर, ही नेहमीची कारणे. मोटर रिवाइंड होऊन आल्यावर किंवा केबलचे काम झाल्यावर अचानक हवा कमी झाली असेल, तर पंख्याची फिरण्याची दिशा बघा. सेंट्रिफ्यूगल पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने जाते, फक्त खूपच कमी जाते. म्हणून हे लवकर ध्यानात येत नाही. केसिंगवरच्या बाणाशी जुळवा, दोन फेज अदलाबदल करा, झाले.

वीज वाचवण्यासाठी मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह बसवून ५० हर्ट्झच्या जागी ४० वर चालवत असाल, तर हवा ८० टक्के होते पण दाब ६४ टक्केच उरतो. ५०० मिमीचा ब्लोअर ३२० मिमीचा झाला. माल सुकलेला असताना ते पुरते. ओला थर उचलताना नाही.

थर तरंगतोय, तरी वेळ लागतोय

आता उष्णता आणि दमटपणा. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत प्रत्येक किलो कोरड्या हवेमागे २१-२२ ग्रॅम पाणी आधीच असते. ती ६० अंशांपर्यंत तापवली तर थरातून जाताना सुमारे ३३ अंशांना संपृक्त होते आणि फार तर आणखी ११ ग्रॅम उचलते. २० अंश आणि ४० टक्के आर्द्रतेच्या हवेत फक्त सहाएक ग्रॅम असतात. ती ६० ला तापवली तर २५ अंशांच्या आसपास संपृक्त होते आणि १४ ग्रॅम उचलते. आपल्या मशीनमध्ये तळाशी सेकंदाला १ मीटर वेग धरला तर तासाला सुमारे २,४०० किलो हवा जाते. २५ किलो पाण्यासाठी पहिल्या हवेला तासाच्या जरा आत, दुसरीला ४५ मिनिटे. हा आदर्श हिशेब, प्रत्यक्षात थोडे जास्तच. म्हणजे पावसाळी दिवशी बॅच १५ मिनिटे जास्त घेते, यात बिघाड काहीच नाही. दिवसाची आर्द्रता बॅच रेकॉर्डमध्ये लिहायला लावा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. माल ओलावा धरणारा असेल तर मात्र शेवटच्या टप्प्यात दमट हवेने हवा तो एलओडी येतच नाही. तिथे इनलेटला डीह्युमिडिफायरच लागतो.

आउटलेटचा अर्थही इथेच कळतो. दाण्यांच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर थराचे तापमान या २५-३३ अंशांच्या पातळीलाच टिकून राहते, इनलेट ६० असले तरी. ते चढू लागले की पृष्ठभागावरचे पाणी संपले, आता आतले हळूहळू येणार.

उष्णता कमी पडते तेव्हा बहुधा स्टीम ट्रॅप (वाफेचे झालेले पाणी कॉइलबाहेर सोडणारी झडप) कारण असतो. ट्रॅप बंद अवस्थेत अडकला की कॉइलमध्ये पाणी साचते आणि निम्मी कॉइल थंड. ट्रॅपआधीचा पाइप गार लागला तर तेच. वरच्या हवेला ३० वरून ६० ला न्यायला २०-२१ किलोवॉट लागतात, म्हणजे ३ बारच्या वाफेवर तासाला साधारण ३५ किलो वाफ. लाइन तेवढी देते का बघा. इनलेटच्या हवेचा प्री-फिल्टर आणि हेपा (अतिसूक्ष्म धूळ अडवणारा फिल्टर) यांचा गेजही जाता जाता वाचा. हेपा नवा असतानाच्या दुप्पट दाबफरकावर गेला की तो हवा खात असतो.

वरून कोरडा, आतून ओला

एलओडी बरोबर आला, माल खाली केला, दुसऱ्या दिवशी ड्रममध्ये पुन्हा गोळे. सुरुवातीपासून इनलेट चढे ठेवले की दाण्यावर कवच बनते, आतले पाणी कोंडते आणि साठवणीत बाहेर येते. तापमान वाढवण्याच्या सवयीची ही शिक्षा आहे. सुरुवात ४५-५० अंशांनी करा, थर नीट तरंगू लागल्यावर वाढवा.

खात्रीसाठी नमुना १ मिमी चाळणीतून चाळा आणि जाड-बारीक दोन्हींचा एलओडी वेगळा काढा. बारीक १.२ आणि जाड ३.५ असे आले तर आणखी अर्धा तास सुकवून बारीक माल जास्तच सुकेल, जाड तसाच राहील. उपाय ओल्या मिलच्या जाळीत आहे. नमुने मध्य वर, मध्य खाली आणि कडेला तीन ठिकाणी असे पाच घ्या, मशीन थांबवूनच. अति कोरडा माल आणि बॅग यांत स्थिर वीज साठते: अँटिस्टॅटिक बॅगचे धागे तुटलेले नाहीत ना, बाउलचा अर्थिंग क्लिप लागलेला आणि रोध १० ओहमच्या आत आहे ना, हे बॅचआधी तपासा. सॉल्व्हंटचा माल असेल तर या तपासणीशिवाय ब्लोअर सुरूच करू नका.

सगळे ठीक असूनही हवा पुरत नसेल

तर मशीन मुळातच कमी पडते, आणि ते खरेदीच्या दिवशी ठरलेले असते. या बाजारात एका टोकाला ग्लॅट, जीईए यांच्यासारख्या जुन्या कंपन्या आहेत, दुसऱ्या टोकाला असंख्य लहान निर्माते, आणि स्पर्धा बहुतेक वेळा "इतक्या किलोचे मशीन, इतकी किंमत" या एका ओळीवर होते. गंमत अशी की किलो हा आकडा मशीनचा नाहीच. बाउलच्या लिटरला मालाच्या घनतेने गुणून तो काढतात, ०.५ घनता धरली की २४० लिटरचे बाउल १२० किलोचे होते. दर पाडताना बाउलचे स्टील कमी करता येत नाही, ते डोळ्यांना दिसते. कमी होतो तो ब्लोअर, कॉइल आणि बॅगेचे क्षेत्रफळ.

म्हणून कोटेशन शेजारी-शेजारी ठेवाल तेव्हा हे विचारा. ब्लोअर किती घनमीटर हवा किती दाबाला देतो, दोन्ही आकडे एकत्र. आपल्या उदाहरणात थराचे १९०, प्लेटचे ४०, कोंडत आलेल्या बॅगेचे १५०, फिल्टरचे ५०, कॉइल आणि डक्टचे ८० मिळून ५१० मिमी होतात. तासाला २,३०० घनमीटर हवा या दाबाला मिळायला हवी. ३५० मिमीचा ब्लोअर कागदावर तेवढीच हवा दाखवेल आणि बॅग नवी असेपर्यंत चालेलही. सहा महिन्यांनी वरची सगळी तक्रार सुरू होईल. ६० टक्के कार्यक्षमता धरली तर शाफ्टवर सव्वापाच-साडेपाच किलोवॉट लागतात, म्हणजे मोटर ७.५ किलोवॉटची, ५.५ ची लिहिली असेल तर ती काठावर आहे. दाबाचा आलेख १.२ किलो प्रति घनमीटर घनतेच्या थंड हवेवर दिला आहे की गरम हवेवर, तेही विचारा. मग बॅगेचे एकूण क्षेत्रफळ: मिनिटाला ३८ घनमीटर हवेला २० चौरस मीटर कापड असेल तर कापडातला वेग मिनिटाला १.९ मीटर पडतो. १२ चौरस मीटरमध्ये तो ३ च्या वर जातो आणि बॅग तितकी लवकर कोंडते. इनलेट सेन्सर प्लेनममध्ये आहे का, थर आणि बॅग दोन्हींचे वेगळे गेज आहेत का, डॅम्परचे खरे स्थान पॅनेलवर येते का, हेही कागदावर घ्या.

स्वीकृती चाचणी रिकाम्या मशीनवर आणि नव्या बॅगेवर होऊ देऊ नका. पूर्ण वजनाचा ओला माल भरा किंवा डक्टमध्ये डॅम्पर अर्धवट बंद करून एकूण ५०० मिमी दाबफरक तयार करा, आणि त्या अवस्थेत हवा मोजून लेखी घ्या.